अबोली कोणती लावावी?

आपल्याकडच्या घरांतून या एका फुलाला निदान तीन नावे आहेत. आजीची अबोली, शेजारच्या अक्कांचे कनकांबर आणि कारवारकडची सून घरात आली असेल तर तिचे अब्बलिगे. वासाच्या नावाने शून्य, पण वळेसराला दुसरे फूल चालत नाही. मोगरा संध्याकाळनंतर मान टाकतो, अबोली दुसऱ्या दिवशीही तशीच. फूल इतके हलके की किलोभर व्हायला सुमारे १५ हजार फुले लागतात. बाजारात मोळावर माळ घेताना हात आखडतो तो यामुळेच, आणि मग परड्यात आपलीच चार झाडे असावीत असे वाटू लागते.

रोपे आणायला गेलात की ‘दिल्ली’ अबोली हमखास पुढे केली जाते. नाव दिल्लीचे असले तरी अबोलीची खरी शेती दक्षिणेतली. हिचा रंग गडद केशरी, फुले मोठी, तुरे भरगच्च. पण ही त्रिगुणित जात आहे. म्हणजे पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, त्यामुळे तिला बी धरत नाही. रोप करायचे ते छाटकलमानेच.

गावठी केशरी अबोलीचे तसे नाही. तिचे वाळलेले बोंड भिजले की फटकन फुटते आणि बिया लांब उडतात. पहिल्या पावसानंतर तुळशीकट्ट्याच्या फटीतही रोप दिसते ते असे. माहेरची अबोली सासरी आली ती याच बियांच्या पुडीतून. आता जुने झाड मेले की लोक सरळ दिल्ली आणतात, आणि माहेरहून आलेला तो वंश तिथेच संपतो.

माझे मत विचाराल तर माळेपुरती भरपूर फुले हवीत म्हणून दिल्ली जरूर लावा, पण सगळा वाफा तिला देऊ नका. एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली रोपे स्वभावाने एकसारखीच. एकाला जे बाधते ते सगळ्यांना बाधते. अबोलीचा मोठा शत्रू म्हणजे मर रोग. मुळांत सूत्रकृमी शिरले की बुरशीला वाट मिळते आणि हिरवेगार झाड बघता बघता माना टाकते. बी असेल तर पुन्हा उभे करता येते. लावताना खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड घालावी आणि आसपास झेंडू लावावा, सूत्रकृमी आटोक्यात राहतात. मेलेल्या झाडाच्या जागी लगेच पुन्हा अबोली लावू नये.

पिवळी ‘ल्युटिया’ हौसेपुरती एखादी असावी, माळेत केशरीमध्ये ती खुलून दिसते. बेंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अर्का अंबरा, अर्का कनका असे वाणही काढले आहेत. खात्रीचे रोप मिळाले तर अवश्य लावून पाहावे.

जमिनीचे मात्र बघावे लागते. बेळगाव-खानापूरच्या तांबड्या मातीत अबोली सुखाने वाढते. गोकाक, बैलहोंगलकडच्या काळ्या रानात पाणी तुंबते, म्हणून तिथे उंच वाफा किंवा सरळ कुंडी. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून फवारावे. थोडी सावली तिला चालते, दुपारची तर हवीच.

तुऱ्यातली फुले खालून वर उमलत जातात आणि एक तुरा संपायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे एक दिवसाआड खुडले तरी पुरते. संपलेले तुरे काढून टाकले की नवे फुटवे लवकर येतात. गावठी झाडावर मात्र चार-पाच तुरे वाळू द्यावेत. बोंडे तपकिरी होताच, पावसाचा थेंब पडण्याआधी कागदी पिशवीत काढावीत. बी जुने झाले की उगवण घटते, तेव्हा त्याच पावसाळ्यात पेरावे आणि उरलेली पुडी लेकीला द्यावी.