दुसऱ्याचा मजकूर, आपली जबाबदारी

वृत्तपत्रातील बदनामीकारक मजकूर दुसऱ्याने पुरविलेला असेल, तर संपादक दोषमुक्त ठरतो काय? महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर १८८२ सालीच 'कोल्हापूर प्रकरणा'ने दिले.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असून त्यास कारभारी माधवराव बर्वे जबाबदार आहेत, असा आरोप 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी केला. बर्वे यांच्या नावावर दाखविण्यात आलेल्या काही पत्रांचा त्यास आधार होता. ही पत्रे इतरांनी आणून दिली होती. पुढे ती बनावट असल्याचे उघड झाले. बर्वे यांनी फिर्याद केली. महाराजांविषयीची कळकळ खरी होती आणि दिलगिरीही व्यक्त झाली होती. तथापि टिळक व आगरकर यांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली.

आजचा कायदा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३५६ नुसार बदनामीकारक आरोप करणारा आणि तो प्रसिद्ध करणारा, दोघेही दोषी ठरू शकतात. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. मात्र लोकहितार्थ केलेले सत्यकथन आणि अधिकृत प्राधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार हे अपवाद होत.

भ्रमणध्वनीवरील गटांचे काय? गटातील सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान उद्देश वा पूर्वनियोजित कट सिद्ध झाल्याखेरीज गटप्रमुखास जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. कारण तो मजकूर गटप्रमुखाच्या संमतीने प्रसिद्ध होत नाही. संपादक मात्र मजकूर निवडून छापतो. परंतु तोच मजकूर गटप्रमुखाने स्वतः पुढे पाठविला, तर तो स्वतःच प्रसिद्धी देणारा ठरू शकतो.

म्हणून ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेच्या नियतकालिकात किंवा गटावर कोणाविरुद्धचा आरोप देण्यापूर्वी मूळ कागद स्वतः पाहावा, संबंधितांचे म्हणणे ऐकावे. गैरव्यवहाराची शंका असल्यास गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. हेतू शुद्ध असला तरी पुराव्याची शहानिशा टाळता येत नाही, हाच कोल्हापूर प्रकरणाचा धडा होय.