किनारपट्टीच्या धुपेमुळे उघड्या पडणाऱ्या सागरी नळवाहिन्या

समुद्रतळाखाली गाडलेली तेलाची किंवा वायूची नळवाहिनी तिच्यावरील वाळू व गाळ वाहून गेल्यामुळे उघडी पडते, तेव्हा तिला उघडी सागरी नळवाहिनी म्हणतात. ज्या किनाऱ्यांची धूप सतत चालू असते, तेथे ही स्थिती विशेषत्वाने आढळते. उथळ पाण्यात अशी वाहिनी मासेमारी नौका, तराफे, गाळ उपसणारी जहाजे आणि त्यांवरील माणसे यांना धोकादायक ठरते. वाहिनी फुटल्यास आग, स्फोट, प्राणहानी व प्रदूषण होऊ शकते. या विषयाचा सर्वाधिक अभ्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लुईझियाना व टेक्सास या राज्यांच्या, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर झाला आहे. इ.स. १९८७ व इ.स. १९८९ मध्ये तेथे झालेल्या दोन अपघातांनंतर अशा वाहिन्यांसंबंधी स्वतंत्र कायदा करण्यात आला.

व्याख्या

अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार मेक्सिकोच्या आखातातील १५ फुटांपेक्षा (सुमारे ४.६ मीटर) कमी खोलीच्या पाण्यात ज्या वाहिनीचा माथा नैसर्गिक तळाच्या वर आलेला असतो, तिला 'उघडी वाहिनी' मानले जाते. तेवढ्याच खोलीच्या पाण्यात वाहिनीचा माथा तळाखाली असूनही त्यावरील आवरण १२ इंचांपेक्षा (सुमारे ३०५ मिलिमीटर) कमी असेल, तर तिला 'नौकानयनास धोका' असे संबोधले जाते. पाण्याची खोली सरासरी ओहोटीच्या पातळीपासून मोजली जाते. या दुसऱ्या संज्ञेमुळे डोळ्यांना न दिसणारी, परंतु चिखलाच्या पातळ थराखाली असलेली वाहिनीही नियमांच्या कक्षेत येते.

कारणे

नळवाहिनी टाकताना ती ठरावीक खोलीवर गाडली जाते. मात्र ही खोली त्या दिवसाच्या समुद्रतळापासून मोजलेली असते. पुढे तळ खाली गेला, तर वाहिनी आपल्या जागी स्थिर असूनही तिच्यावरील आवरण कमी होते. धूप होणाऱ्या किनाऱ्यावर पुढील प्रक्रिया यास कारणीभूत ठरतात.

किनारा मागे सरकणे : किनारारेषा जमिनीच्या दिशेने सरकते, तेव्हा पूर्वी पुळणीखाली किंवा दलदलीखाली असलेला वाहिनीचा भाग लाटांच्या माऱ्याच्या पट्ट्यात येतो. दलदलीसाठी आखलेल्या वाहिनीला मग खुल्या पाण्यातील लाटा, प्रवाह आणि नौका यांना तोंड द्यावे लागते.

वादळे : चक्रीवादळातील लाटा उथळ तळावरील मऊ गाळ ढवळून काढतात. अशा वेळी चिखल काही काळ द्रवासारखा वागतो. वायूने भरलेली वाहिनी तुलनेने हलकी असल्यामुळे ती या पातळ चिखलातून वर येऊ शकते. हे टाळण्यासाठी वाहिनीला काँक्रीटचे जड वेष्टन दिले जाते.

स्थानिक खणन : वाहिनीचा थोडासा भाग उघडा पडला, की तिच्या भोवतीने व खालून जाणारा प्रवाह वेगवान होतो आणि तेथील वाळू अधिक झपाट्याने उपसली जाते. त्यामुळे वाहिनीचा काही भाग आधाराविना लोंबकळतो. प्रवाहातील भोवऱ्यांमुळे तो कंप पावू लागतो आणि कालांतराने धातूला थकवा येऊन त्याला तडे जातात.

गाळाचा पुरवठा घटणे : मिसिसिपी नदीच्या त्रिभुज प्रदेशाची जमीन नदीने आणलेल्या गाळातून घडली आहे. इ.स. १९२७ च्या महापुरानंतर नदीकाठचे बांध मोठ्या प्रमाणावर उंच व मजबूत करण्यात आले. पूर आटोक्यात आला, परंतु काठांवरून दलदलीत पसरणारा गाळही थांबला. जमिनीचे नैसर्गिक खचणे आणि समुद्रपातळीतील वाढ यांची त्यात भर पडली.

कालव्यांचे खोदकाम : तेलविहिरींपर्यंत पोहोचण्यासाठी आणि नळवाहिन्या टाकण्यासाठी लुईझियानाच्या दलदलीत हजारो किलोमीटर लांबीचे कालवे खोदण्यात आले. या कालव्यांतून खारे पाणी आत शिरले, गोड्या पाण्यातील वनस्पती मेल्या आणि मुळांनी धरून ठेवलेली माती सुटली. अशा रीतीने वाहिन्यांना झाकणारी जमीन नाहीशी होण्यास त्या वाहिन्यांसाठी केलेले खोदकामही अंशतः कारणीभूत ठरले.

अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासानुसार इ.स. १९३२ ते २०१६ या काळात लुईझियानाच्या किनारी भागातील जमीन निव्वळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरने घटली. हे प्रमाण इ.स. १९३२ मधील जमिनीच्या सुमारे एक चतुर्थांश आहे. इ.स. २००५ मधील कतरिना व रिटा या दोन चक्रीवादळांनंतर सुमारे ५६० चौरस किलोमीटर जमिनीच्या जागी पाणी आल्याची नोंद आहे.

प्रमुख अपघात

सी चीफ (१९८७) : २४ जुलै १९८७ रोजी लुईझियानाच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात मासेमारी करणारी 'सी चीफ' ही नौका ८ इंच व्यासाच्या नळवाहिनीवर आदळली. या वाहिनीतून नैसर्गिक वायूपासून मिळणारे द्रवरूप इंधन दर चौरस इंचास ४८० पौंड दाबाने वाहत होते. स्फोटात दोन खलाशी मृत्युमुखी पडले. इ.स. १९६८ मध्ये ही वाहिनी टाकली तेव्हा तिच्यावर ३ फुटांचे आवरण होते. अपघातानंतर पाणबुड्यांनी पाहणी केली तेव्हा तिच्यावर केवळ ६ इंच मऊ चिखल आढळला. आजच्या व्याख्येनुसार ही वाहिनी 'उघडी' ठरली नसती, मात्र 'नौकानयनास धोका' या वर्गात निश्चितपणे आली असती.

नॉर्थम्बरलँड (१९८९) : ३ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्सासमधील सबाइन पासच्या पश्चिमेस, किनाऱ्यापासून अवघ्या अर्ध्या सागरी मैलावर 'नॉर्थम्बरलँड' ही मासेमारी नौका १६ इंच व्यासाच्या नैसर्गिक वायूच्या वाहिनीवर आदळली. वाहिनीतील दाब दर चौरस इंचास ८३५ पौंड होता. बाहेर पडलेल्या वायूने पेट घेतला आणि काही सेकंदांतच संपूर्ण नौका ज्वाळांनी वेढली गेली. नौकेवरील १४ जणांपैकी ११ जणांचा मृत्यू झाला. आग दुसऱ्या दिवशी विझली. इ.स. १९७४ मध्ये टाकताना या वाहिनीवर ८ ते १० फुटांचे आवरण होते. अपघाताच्या वेळी ती कोणत्याही आवरणाविना समुद्रतळावर पडलेली होती. पंधरा वर्षांत घडलेला हा बदल लक्षात येण्यासाठी नियमित मोजणीची कोणतीही सक्ती त्या काळी नव्हती.

या दोन्ही नौका मेनहेडन या माशाच्या मासेमारीसाठी वापरल्या जात. मेनहेडन हा कोकणातील तारलीच्या गणात मोडणारा लहान, तेलकट मासा आहे. त्याचे थवे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात येतात आणि ते पर्ससीन जाळ्याने पकडले जातात. त्यामुळे या मोठ्या नौकांना तळ जेमतेम सुटेल इतक्या कमी पाण्यात वावरावे लागते. वाहिन्या उघड्या पडण्याचा पट्टाही हाच आहे.

इतर अपघात : २३ ऑक्टोबर १९९६ रोजी लुईझियानातील टायगर पास येथे गाळ उपसणाऱ्या जहाजाचा 'स्पड', म्हणजे जहाज जागी रोवून ठेवणारा पोलादी खांब, १२ इंची वायुवाहिनीवर पडला. जहाज व सोबतची टग नौका आगीत नष्ट झाली, मात्र प्राणहानी झाली नाही. १२ ऑक्टोबर २००६ रोजी वेस्ट कोट ब्लाँश उपसागरात एका तराफ्याचा स्पड निसटून वायुवाहिनीवर आदळला. त्यात पाच जणांचा मृत्यू झाला व एक जण बेपत्ता झाला. हे दोन्ही अपघात प्रत्यक्ष धुपेमुळे घडले असे म्हणता येत नाही. तथापि, उथळ पाण्यातील वाहिनीवर जड वस्तू आदळल्यास काय होऊ शकते, हे त्यांवरून स्पष्ट होते.

धोक्याचे स्वरूप

नौकेचा तळ किंवा पंखा वाहिनीवर आदळणे हा सर्वांत थेट धोका आहे. याशिवाय नांगर, ट्रॉल जाळ्याच्या जड फळ्या आणि स्पड हे वाहिनीत अडकू शकतात किंवा तिला पोचे पाडू शकतात. वाहिनी तत्काळ फुटली नाही तरी तिचे गंजरोधक वेष्टन निघते आणि गळती काही काळानंतर सुरू होते. वेगळ्याच कारणाने अडकलेले जाळे जोराने ओढणारी लहान नौका उलटण्याचाही संभव असतो.

वायू बाहेर पडल्यास माणसांना सावरण्यास फारच थोडा अवधी मिळतो. पाण्यातून वर येणारा वायू नौकेभोवती जमा होतो आणि चालू इंजिन, विजेची ठिणगी किंवा स्वयंपाकाची शेगडी यांमुळे पेटू शकतो. नौका सोडून पाण्यात उडी घ्यावी, तर पृष्ठभागावरही आग असते. तेलवाहिनी फुटल्यास आगीबरोबरच दलदल, कालवांच्या बागा आणि माशांची प्रजननस्थळे यांची हानी होते.

नौकानयनाचे नकाशे या बाबतीत मर्यादित साहाय्य करतात. नकाशावर वाहिनीचा मार्ग दाखवलेला असतो, परंतु तिच्यावर आज किती आवरण उरले आहे हे दाखवलेले नसते. अमेरिकेच्या अधिकृत सागरी नकाशांवरच अशी सूचना छापलेली असते, की सर्व वाहिन्या नकाशावर असतीलच असे नाही आणि मुळात गाडलेल्या वाहिन्या उघड्या पडलेल्या असू शकतात.

कायदे व नियम

नॉर्थम्बरलँड अपघातानंतर अमेरिकी काँग्रेसने संमत केलेला कायदा नोव्हेंबर १९९० मध्ये अमलात आला. त्यानुसार मेक्सिकोच्या आखातातील उथळ पाण्यातल्या वाहिन्यांची तपासणी करणे चालकांवर बंधनकारक झाले. इ.स. २००४ मध्ये नियमांत सुधारणा होऊन धोक्याच्या प्रमाणानुसार ठरावीक काळाने तपासणी करण्याची कार्यपद्धती प्रत्येक चालकाने आखणे आवश्यक करण्यात आले. वाहिनी उघडी पडल्याचे किंवा ती नौकानयनास धोकादायक असल्याचे आढळल्यास चालकाने पुढील गोष्टी करावयाच्या असतात.

१. २४ तासांच्या आत राष्ट्रीय प्रतिसाद केंद्रास दूरध्वनीने कळवणे.
२. ७ दिवसांच्या आत त्या भागाच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये जास्तीत जास्त ५०० यार्डांच्या (सुमारे ४५७ मीटर) अंतराने खुणा उभारणे. भाग २०० यार्डांपेक्षा लहान असल्यास मध्यभागी एक खूण पुरेशी मानली जाते.
३. साधारणतः ६ महिन्यांच्या आत वाहिनी पुन्हा गाडणे. तिचा माथा तळापासून ३६ इंच आणि खडकाळ तळ असल्यास १८ इंच खाली असावा लागतो. तितकेच संरक्षण देणारा अन्य अभियांत्रिकी उपायही ग्राह्य धरला जातो.

मर्यादा

या नियमांतील 'आखात व त्याचे फाटे' या संज्ञेतून नद्या, भरतीच्या पाण्यातील दलदली, सरोवरे व कालवे वगळलेले आहेत. लुईझियानासारख्या किनाऱ्यावर दलदल आणि खुले पाणी यांची सीमा सतत बदलत असल्यामुळे हा भेद प्रत्यक्षात लागू करणे अवघड जाते. दुसरी मर्यादा वापरातून काढलेल्या वाहिन्यांविषयी आहे. अमेरिकी शासनाच्या उत्तरदायित्व कार्यालयाच्या २०२१ मधील अहवालानुसार, १९६० च्या दशकापासून आखाताच्या संघीय जलक्षेत्रात सुमारे १८,००० मैल (सुमारे २९,००० किलोमीटर) लांबीच्या बंद वाहिन्या समुद्रतळावरच ठेवण्यास परवानगी देण्यात आली. बंद केलेल्या एकूण लांबीच्या हे प्रमाण ९७ टक्क्यांहून अधिक आहे. यांतील बऱ्याच वाहिन्या खोल पाण्यात आहेत. तरीही त्या पुढे उघड्या पडल्या किंवा सरकल्या तर त्यांवर लक्ष ठेवण्याची व्यवस्था अपुरी असल्याचे या अहवालात म्हटले आहे.

तपासणी व उपाय

आवरणाची जाडी मोजण्यासाठी तळाचे ध्वनिचित्र घेणारे साइड-स्कॅन सोनार, तळाखालील थर दाखवणारे ध्वनियंत्र आणि लोखंडाचा मागोवा घेणारा मॅग्नेटोमीटर यांचा उपयोग होतो. अतिउथळ, गढूळ पाण्यात पाणबुड्यांना लांब सळईने चाचपून खोली मोजावी लागते. मोठ्या वादळानंतर पुन्हा मोजणी करणे विशेष महत्त्वाचे असते, कारण अनेक वर्षांत होणारा बदल एका वादळात घडू शकतो.

उघड्या वाहिनीवर करावयाच्या उपायांत पाण्याच्या झोताने चर खणून ती अधिक खोल गाडणे, तिच्यावर काँक्रीटच्या सांधलेल्या चटया किंवा दगड टाकणे आणि मार्ग बदलणे यांचा समावेश होतो. नवीन वाहिनी किनाऱ्याला आणताना पुळणीखालून खोल आडवे छिद्र पाडून ती ओढून घेण्याची पद्धतही प्रचलित आहे. तिसरा मार्ग म्हणजे किनाऱ्यालाच वाळू पुरवणे. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील बॅक्टन येथे उत्तर समुद्रातील वायुवाहिन्या किनाऱ्याला लागतात. तेथील धूप रोखण्यासाठी इ.स. २०१९ मध्ये सुमारे १८ लाख घनमीटर वाळू किनाऱ्यावर टाकण्यात आली. नेदरलँड्समध्ये इ.स. २०११ साली केलेल्या अशाच प्रयोगावर ही योजना आधारलेली होती. टाकलेली वाळूही कालांतराने वाहून जाते. त्यामुळे हा उपाय कायमस्वरूपी नसून मुदतीचा आहे.

भारतातील संदर्भ

महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर इ.स. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रातील तेल व वायू समुद्रतळावरील वाहिन्यांनी रायगड जिल्ह्यातील उरण येथे आणला जातो. वसई क्षेत्रातील वायू गुजरातमधील हजिरा येथे जातो. या वाहिन्यांची बहुतेक लांबी खोल पाण्यात आहे. धुपेचा प्रश्न मुख्यतः त्या किनाऱ्याला लागतात त्या टप्प्यात संभवतो. हाच उथळ पट्टा स्थानिक मच्छीमारांच्या वापरात असतो. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने इ.स. १९९० ते २०१८ या काळातील उपग्रह छायाचित्रांच्या आधारे केलेल्या अभ्यासात भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भागाची धूप होत असल्याचे आढळले. त्यामुळे वाहिनी टाकतानाची खोली नोंदवून न थांबता, तिच्यावरील आवरण ठरावीक काळाने मोजणे आणि ती माहिती मच्छीमारांपर्यंत पोहोचवणे या दोन गोष्टी धूप होणाऱ्या कोणत्याही किनाऱ्यावर सारख्याच आवश्यक ठरतात.