मशीन तोट्यात, गेम फायद्यात: तुमचा दुसरा गल्ला कुठे आहे?



व्हिडिओमध्ये गेमिंग कंपन्यांचे आकडे भराभर सांगून झाले. तोच हिशोब इथे सावकाश करू. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी तुमच्या धंद्याचे आकडे मांडायचे आहेत.

599 ला विकलं, 840 ला पडलं

नोव्हेंबर 2006 मध्ये सोनीने प्लेस्टेशन 3 बाजारात आणला. अमेरिकेत मोठ्या मॉडेलची किंमत 599 डॉलर होती. मशीन उघडून सुट्या भागांची किंमत काढणाऱ्या आयसप्लाय या संस्थेचा अंदाज होता, की ते बनवायलाच साधारण 840 डॉलर लागतात. म्हणजे एक मशीन विकलं की 240 डॉलर खिशातून गेले! मार्च 2007 ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेम विभागाचा तोटा 23 हजार कोटी येनच्या वर गेला.

मायक्रोसॉफ्टचंही तेच. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एका कोर्टात त्यांच्याच अधिकाऱ्याने साक्ष दिली, की एक्सबॉक्सचं मशीन विकून कंपनीला कधीच नफा झालेला नाही.

मग ही मंडळी वेडी आहेत का? अजिबात नाही. त्यांचा गल्ला दुसरीकडे आहे. घरात मशीन गेलं की ग्राहक त्याच कंपनीच्या ऑनलाइन स्टोअरमधून गेम घेतो. दुसऱ्या कोणी बनवलेला गेम विकला गेला, तरी साधारण 30 टक्के कमिशन कन्सोलवाला कापून घेतो. शिवाय ऑनलाइन खेळायची वर्गणी, जादा कंट्रोलर हे वेगळंच.

मोबाईलच्या दुकानात काय होतं? हँडसेटवर मार्जिन बारीक असतं. खरे पैसे कव्हर, स्क्रीनगार्ड आणि चार्जरवर सुटतात. गणित तेच, फक्त आकडे मोठे.

खड्डा भरायला किती गेम?

आता आजच्या दराने हिशोब करा. 60 डॉलरच्या गेमवर 30 टक्के म्हणजे 18 डॉलर. 240 चा खड्डा भरायला एका ग्राहकाने 13-14 गेम घ्यायला हवेत. तेव्हा कुठे कंपनी शून्यावर येते, नफा त्याच्या पुढे! त्याला वर्षं लागतात. सोनीकडे दम धरायला इतर धंदे होते. पुढे सुटे भाग स्वस्त झाले, आणि 2009 मध्ये त्यांनी 299 डॉलरचं स्लिम मॉडेल आणलं.

प्लेस्टेशन 3 आला त्याच महिन्यात, नोव्हेंबर 2006 मध्ये, निन्टेंडोने 'वी' आणला, 250 डॉलरला. फार भारी चिप नाही, एचडी चित्र नाही. पण हात हलवून खेळायची गंमत होती, आणि मशीनवर तोटा खायचा नाही हे ठरलेलं होतं. 'वी' 10 कोटींच्या वर विकला गेला, प्लेस्टेशन 3 पेक्षा जास्त. म्हणजे तोटा खाणं हा एकमेव रस्ता नाही.

पण निन्टेंडोचंही सगळं कायम सोपं नव्हतं बरं का. 2012 मध्ये आलेला 'वी यू' 1 कोटी 36 लाखांच्या आसपासच थांबला.

गेम बनवणाऱ्याच्या बाजूने बघा

'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' हा गेम बनवायला 22 कोटी डॉलर लागले, हे 2023 मध्ये कोर्टाच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. तो सोनीचा घरचा गेम. पण समजा, बाहेरच्या कंपनीने एवढाच खर्च केला. 60 डॉलरमधून 18 कमिशन गेलं, हातात 42 राहिले. खर्च निघायलाच सुमारे 52 लाख प्रती विकाव्या लागतील. जाहिरात आणि डिस्काउंट सेल यात धरलेच नाहीत.

म्हणून गेमवाले एकच गेम अनेक मशीनवर नेतात. मोठा खर्च एकदाच होतो. दुसऱ्या मशीनसाठी बदल करायला थोडे जादा पैसे लागतात, पण गिऱ्हाईक नवीन मिळतं. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' बघा. ऑगस्ट 2020 मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला, आणि ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर, प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्सवर. लहान टीम, पण माल एक आणि दुकानं चार.

आता तुमची वही

नवीन धंदा सुरू करणारे बरेच जण म्हणतात, "सर, आधी स्वस्त देऊ, गिऱ्हाईक जमलं की भाव वाढवू." ठीक आहे. समजा, तुमचा डबा 80 रुपयांना पडतो आणि तुम्ही 70 ला देताय. रोज 50 डबे, महिन्याचे 26 दिवस. दरमहा 13,000 रुपये गेले. सहा महिन्यांत 78,000! आणि डबा घेणारा तुमच्याकडून दुसरं काहीच घेत नसेल, तर ते परत कुठून येणार?

भाव पाडण्याआधी हे तीन प्रश्न लिहून काढा:

1. पहिल्या विक्रीनंतर हाच ग्राहक माझ्याकडून दुसरं काय घेईल, आणि त्यावर मला किती सुटेल?
2. खड्डा भरायला अशा किती खरेद्या लागतील? ग्राहक मध्येच दुसरीकडे गेला तर?
3. तोपर्यंत किती महिने माझा खिसा टिकेल?

वॉटर प्युरिफायरवाल्याकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे: फिल्टर आणि सर्व्हिसिंग. तुमच्याकडे असेल तर बिनधास्त ऑफर लावा. नसेल, तर निन्टेंडोसारखं करा. साधं द्या, वेगळं द्या, पण पहिल्या दिवसापासून दोन पैसे राखून द्या.

तुमच्या धंद्यात दुसरा गल्ला कोणता, ते कमेंटमध्ये आकड्यांसकट लिहा. पुढच्या भागात त्यातले काही हिशोब एकत्र सोडवू. भेटूया!