जिल्ह्याचं नाव बदललं, तर तुमचं अ‍ॅप किती ठिकाणी बदलावं लागेल?

व्हिडिओत फॉर्मच्या टेम्प्लेटचा मुद्दा जरा घाईत गेला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुम्हाला कोडिंग येत नसेल तरी वाचा, कारण अ‍ॅप डेव्हलपर बनवतो, पण दुरुस्तीचं बिल तुम्हीच भरता.

२०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. आता समजा, मानवतला तुमचं ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे. मराठवाडाभर माल जातो, म्हणून ऑर्डरसाठी छोटं वेब अ‍ॅप करून घेतलंय. त्यात नवीन ग्राहकाचं पान आहे, ग्राहकाची माहिती दुरुस्त करायचं पान आहे, ऑर्डरचं पान आहे आणि डिलिव्हरीच्या पत्त्याचं पान आहे. चारही ठिकाणी तेच रकाने: नाव, मोबाइल, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड.

घाईतला डेव्हलपर काय करतो? पहिल्या पानाचा फॉर्म कॉपी करून बाकी तीन पानांवर पेस्ट करतो. काम लवकर होतं, तुम्हीही खुश. पुढे जिल्ह्याचं नाव बदलतं. तीन पानांवर 'धाराशिव' होतं, चौथ्यावर 'उस्मानाबाद' तसंच राहतं. अ‍ॅप बंद पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. महिनाअखेरीला जिल्हावार विक्री काढली की एकाच जिल्ह्याच्या दोन ओळी दिसतात, दोन्ही अर्ध्या. ते आकडे बघून तुम्ही ठरवता, की तिकडे गाडी पाठवणं परवडत नाही. नुकसान होतं ते इथे.

उपाय साधा आहे. टेम्प्लेट म्हणजे साचा. पत्त्याचा फॉर्म एका वेगळ्या फाइलमध्ये लिहायचा आणि चारही पानांवर 'तो फॉर्म इथे आण' एवढी एकच ओळ ठेवायची. जँगोमध्ये याला इन्क्लूड म्हणतात, रेल्समध्ये पार्शल, लारावेल आणि रिअ‍ॅक्टमध्ये कंपोनंट. नावं वेगळी, कल्पना तीच. रेल्समध्ये स्कॅफोल्ड वापरलं, तर 'नवीन नोंद' आणि 'दुरुस्ती' या दोन पानांसाठी फॉर्मची एकच फाइल आपोआप तयार होते. म्हणजे ही सोय नवीन नाही, महागही नाही. पानापानात जो फरक असतो, तो त्या त्या पानाने साच्याला सांगायचा. बटणावर 'जतन करा' हवं की 'ऑर्डर द्या', रकाने रिकामे हवेत की आधीच्या माहितीने भरलेले, एवढंच.

जिल्ह्यांची यादी मात्र त्या साच्यातही लिहू नका. ती डेटाबेसमध्ये ठेवा, प्रत्येक जिल्ह्याला एक कोड द्या आणि ऑर्डरमध्ये नावाऐवजी कोड साठवा. मग नाव एकदा बदललं की जुन्या ऑर्डरीही नव्या नावाखाली मोजल्या जातात. (जुनी बिलं मात्र तशीच राहू द्या. दिलेल्या बिलावरचा पत्ता मागाहून बदलायचा नसतो.) आपल्या परभणीचंच बघा. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, वसमत आणि कळमनुरी तालुके तिकडे गेले, आणि आज परभणीत नऊ तालुके आहेत. उद्या असं काही झालं, तर तालुक्याचा जिल्हा एकाच जागी बदलता आला पाहिजे.

तपासणीचे नियमही असेच एका जागी हवेत. मोबाइल नंबर दहा अंकी, सुरुवात ६ ते ९ मधल्या अंकाने. पिनकोड सहा अंकी. जीएसटी नंबर १५ अक्षर-अंकांचा. त्यातले पहिले दोन अंक राज्याचा कोड, महाराष्ट्राचा २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. एका पानावर हा नियम आहे आणि दुसऱ्यावर नाही, तर चुकीचे नंबर त्या दुसऱ्या पानातून आत येतील. आणि ही तपासणी फक्त ब्राउझरवर सोडू नका, सर्व्हरवरही पाहिजेच.

पण म्हणून सगळे फॉर्म एकाच साच्यात कोंबायला जाऊ नका. शेतकरी ग्राहकाला जीएसटी नंबर लागत नाही, डीलरला लागतो. माल पुरवणाऱ्याचा बँक खात्याचा तपशील हवा, ग्राहकाचा नको. 'हा असेल तर हे दाखव, तो असेल तर ते लपव' अशा अटी एकाच फाइलमध्ये वाढत गेल्या, की पुढचा डेव्हलपर तिला हात लावायला घाबरतो. माझं मत असं, की पत्ता आणि संपर्क एवढाच तुकडा सामायिक ठेवा, बाकी वेगळं राहू द्या. आणि तुमच्या अ‍ॅपमध्ये फॉर्मच एक असेल, तर या भानगडीत पडायची गरजच नाही.

आता हे कोड न वाचता कसं तपासायचं? शेवटचा हप्ता देण्याआधी डेव्हलपरला शेजारी बसवा आणि सांगा, "फॉर्मवर 'गाव' लिहिलंय ना, तिथे 'गाव / तांडा' कर." त्याने एकच फाइल उघडली आणि रिफ्रेश केल्यावर चारही पानं बदलली, तर पैसे देऊन टाका. तो एकामागून एक फाइली उघडायला लागला, तर हप्ता थांबवा आणि आधी ते दुरुस्त करून घ्या.