कांद्याच्या पेशीने मला कसं फसवलं

नववीत एकदा, अकरावीत पुन्हा आणि बी.एस्सी.ला तिसऱ्यांदा. कांद्याचा पापुद्रा सोलून, आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला नाही असा विज्ञानाचा विद्यार्थी सापडायचा नाही. विटांसारख्या रचलेल्या लांबट पेशी आणि प्रत्येकीत एक पिवळसर ठिपका. 'वनस्पती पेशी' म्हटलं की हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. माझा घोळ तिथेच झाला.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मला एक प्रथिन पेशीत नेमकं कुठे असतं ते शोधायचं होतं. त्याला जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, जोडलं आणि जीन गनने कांद्याच्या पापुद्र्यात सोडलं. ही पद्धतही कांद्यावरच वाढली बरं का. कॉर्नेल विद्यापीठात जॉन सॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी टंगस्टनचे बारीक कण कांद्याच्या पेशींत मारून पाहिले आणि 1987 मध्ये ते प्रसिद्ध केलं. एकच थर, मोठ्या पेशी, सपाट पृष्ठभाग. नेम चुकायची भीती कमी.

दुसऱ्या दिवशी पेशीच्या कडेने झकास हिरवी रेघ दिसली. मी लॅब मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं, "प्रथिन प्रद्रव्यपटलात आहे." सरांनी शांतपणे विचारलं, "ती रेघ पटलाचीच कशावरून?"

उत्तर नव्हतं. कारण कांद्याच्या पेशीची रचनाच मी नीट लक्षात घेतली नव्हती.

तुमच्या गालाच्या आतल्या बाजूची पेशी घ्या. साधारण 50-60 मायक्रोमीटर रुंद, पेशीभित्तिका नाही, मोठी रिक्तिका नाही, केंद्रक बहुधा मध्यभागी आणि बाकी सगळीकडे पेशीद्रव्य पसरलेलं. अशा पेशीत कड आणि आतला भाग वेगळा ओळखता येतो. कांद्याची पेशी सहज पाव मिलिमीटर किंवा त्याहून लांब, पण तिचा बहुतेक भाग एकट्या रिक्तिकेने व्यापलेला. पाण्याने टम्म फुगलेल्या या पिशवीने पेशीद्रव्य भित्तिकेवर दाबून पातळ केलेलं असतं. केंद्रकही बाजूला ढकललेलं. आता हिशोब करा: पटलाची जाडी 10 नॅनोमीटरच्याही आत आणि साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे 200 नॅनोमीटर. म्हणजे भित्तिका, पटल आणि पेशीद्रव्याचा तो पातळ थर, तिन्ही मिळून आपल्याला एकच रेघ दिसणार!

मग करायचं काय? पेशीला खारट किंवा साखरेसारख्या तीव्र द्रावणात ठेवायचं. रिक्तिकेतलं पाणी बाहेर जातं, पटल आक्रसून भित्तिकेपासून सुटतं. हेच प्लाझ्मोलिसिस, आपण परीक्षेत व्याख्या लिहितो आणि विसरतो. हिरवा रंग भित्तिकेवरच राहिला तर प्रथिन भित्तिकेत. पटलाबरोबर आत सरकला तर भित्तिका बाद, पण पटल की पेशीद्रव्य हा प्रश्न उरतोच. त्यासाठी केंद्रकाजवळ बघायचं, आणि रिक्तिकेतून आरपार जाणारे पेशीद्रव्याचे धागे शोधायचे. माझ्या पेशींत केंद्रकाभोवती हिरवं कडं होतं आणि धागेही हिरवे होते. म्हणजे प्रथिन निव्वळ पटलात नक्कीच नव्हतं. ते पेशीद्रव्यात की आंतर्द्रव्यजालिकेत, हे ठरवायला दुसऱ्या रंगाचं मार्कर प्रथिन लागलं. आणि नुसत्या जीएफपीचा कंट्रोल मी पहिल्या दिवशी मारलाच नव्हता, हे वेगळंच. चार महिने गेले.

तरी कांदा सोडायचं कारण नाही. कंदाच्या आतल्या पापुद्र्यात हिरवी हरितलवकं नसतात, त्यामुळे पानात हरितद्रव्याची लाल चमक मध्ये येते तशी इथे येत नाही. (म्हणून जर्नलमध्ये कांद्याच्या पेशीत हिरवे गोळे काढू नका. हरितलवकं बघायची तर हायड्रिलाचं पान घ्या.) आयोडीनने बटाट्याची पेशी निळी-काळी होते, कांद्याची होत नाही, कारण कांदा स्टार्च नव्हे तर शर्करा आणि फ्रुक्टान साठवतो. रिक्तिका म्हणजे नुसती पाण्याची टाकीही नव्हे. अलिनेज हे विकर तिथे असतं आणि ते ज्यावर काम करतं ती गंधकयुक्त द्रव्यं पेशीद्रव्यात. सुरी फिरली की दोन्ही एकत्र येतात आणि डोळ्यांतून पाणी काढणारा वायू तयार होण्याची सुरुवात होते.

प्लाझ्मोलिसिस अजून स्वतः पाहिलं नसेल तर लाल कांदा घ्या. पातीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा काढा. तो रंग रिक्तिकेतच असतो, त्यामुळे वेगळं रंगवावं लागत नाही. काचपट्टीवर पाण्यात बघा, मग मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि थोडी मिनिटं थांबा. जांभळी पिशवी आक्रसत जाते, भित्तिका जागच्या जागी राहते. फार उशीर न करता साधं पाणी घातलंत, तर पिशवी पुन्हा फुगतानाही दिसेल.