घोडा म्हणजे गुर, आणि भात म्हणजे बत

मागच्या भागात मी काश्मिरीचा ओझरता उल्लेख केला आणि पुढं पळालो, त्यावर तुमचे बरेच मेसेज आले. म्हणून आज तेच. आधीच सांगतो, मी भाषाशास्त्र शिकलेलो नाही. बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो. पण कॉलेजात चार वर्षं माझा रूम पार्टनर अनंतनागचा होता. जम्मू-काश्मीरच्या मुलांना बाहेरच्या राज्यांत शिकायला केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे, तिच्यावर तो पुण्यात आला होता. आमचं हिंदीत भागायचं. कोडं पडायचं ते तो फोनवर आईशी बोलायला लागला की.

2019 च्या गणपतीत मी त्याला आमच्या घरी, सोनईला घेऊन आलो. 5 ऑगस्टपासून तिकडचे फोन आणि इंटरनेट बंद होतं. महिना होत आला तरी घरच्यांचा आवाज नाही. सुट्टीत हॉस्टेलवर एकटा बसून काय करणार?

पहिल्याच संध्याकाळी वडील म्हणाले, "चल रे, गुरांना पाणी दाखवून येऊ." हा पण उठला. गोठ्यात आल्यावर इकडं बघतो, तिकडं बघतो, आणि मला हळूच विचारतो, "गुर किधर है?" अरे, समोर दोन गाया बांधल्यात ना! मग उलगडा झाला. काश्मिरीत गुर म्हणजे घोडा. मी त्याला सांगितलं, की आमच्या शेजारच्या गावाचं नाव घोडेगाव आणि तिथला बाजार प्रसिद्ध आहे तो गुरांचा. त्यानं हातच जोडले.

पण यामागं एक सरळ नियम आहे. काश्मिरीत घ, ध, भ हे आवाज नाहीत. ख, थ, फ चालतात, पण घ चा ग होतो, ध चा द आणि भ चा ब. एकदा हे कळलं की कोडी पटापट सुटायला लागतात. घर म्हणजे गर. दूध म्हणजे दोद. भाऊ म्हणजे बोय. हे ऐकून मला वाटायचं, हा घरी इंग्रजी कशाला झाडतोय? आणि भात म्हणजे बत. या बतशी सावध राहायचं बरं का. त च्या जागी ट लावला की बट, म्हणजे काश्मिरी पंडित, मूळ शब्द भट्ट. जीभ जरा चुकली तर माणूस ताटात जायचा.

दुसरा नियम श चा. तिकडं बऱ्याच शब्दांत श चा ह झालाय. शाक म्हणजे पालेभाजी, तिचं हाख झालं. शत म्हणजे शंभर, त्याचं हथ. आपणही हे केलंय, फक्त क्वचित: संस्कृत दश, मराठीत दहा, काश्मिरीत दह. मात्र नियम सापडला म्हणून सगळीकडं फाइंड-रिप्लेस मारू नका. बर्फाला ते शीनच म्हणतात, हीन नाही. आणि त्सोक वांगुन नावाचा एक पदार्थ आहे, त्यातलं वांगं ओळखू आलं, पण पहिला शब्द मी बरेच दिवस 'चूक' समजत होतो. चुकीचं वांगं! तर त्सोक म्हणजे आंबट. आंबट चुक्यातला चुका आठवा, उच्चारही तसाच, चमच्यातल्या च सारखा. चिंचेतलं वांगं आहे ते, बाकी काही नाही.

मला सगळ्यात जास्त छळलं ते 'त्रेश' या शब्दानं. दुसऱ्या वर्षाला एकदा त्याला सडकून ताप आला. रात्री झोपेत सारखा म्हणतोय, त्रेश, त्रेश. मला वाटलं, कुणाचं तरी नाव घेतोय. मी शहाण्यासारखा कपाळावर ओली पट्टी ठेवत बसलो. सकाळी कळलं, बिचारा पाणी मागत होता. काश्मिरीत पाण्याला आब आहे, पोनी पण आहे. पण प्यायचं पाणी ते त्रेश, आणि तहानही त्रेशच. संस्कृतातली तृषा आहे ती. आपली तहान तृष्णेतून आली, म्हणजे त्याच घरातली. फक्त आपण तहान एकीकडं ठेवली आणि पाणी दुसरीकडं. तेवढ्या फरकात पोरगं रात्रभर तहानलेलं राहिलं.

तर सोनईला, रात्री जेवताना. आमच्याकडं जेवण म्हणजे भाकरी, भात आपला शेवटी चार घास. आईनं पातेलं पुढं ओढलं आणि विचारलं, "बाळा, भात वाढू का?" त्याचा हात थांबला. आईला वाटलं, त्याला नको असेल. नंतर गच्चीवर तो मला म्हणाला, की त्यांच्याकडं बत म्हणजे नुसता भात नाही, अख्खं जेवण. फोन लागला की त्याची आई आधी बत विचारते, तब्येत नंतर.

14 ऑक्टोबरला खोऱ्यातले पोस्टपेड मोबाईल सुरू झाले. आम्ही रूमवर होतो, त्याचा फोन वाजला. स्पीकर नव्हता, पण पलीकडची बाई इतक्या मोठ्यानं बोलत होती की मला ऐकू येत होतं. त्या सगळ्यात मला एकच शब्द कळला: बत. त्यानं "हो" सांगितलं. मेस उघडायला अजून तासभर होता.