बंद कचराडेपो आणि जमिनीखालून सरकणारा मिथेन

लेखमाला : कचऱ्याचे विज्ञान – लेखांक ६

कचराडेपो बंद झाला, त्यावर मातीचा थर पसरला, तरी आतला कचरा कुजायचा थांबत नाही. हवा न लागणाऱ्या ओल्या कचऱ्यात जिवाणूंचे काम वर्षानुवर्षे चालू राहते. त्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड. मिथेनला रंग नाही, वासही नाही. डेपोची दुर्गंधी हायड्रोजन सल्फाइडसारख्या इतर वायूंची असते. त्यामुळे वास गेला म्हणून धोका टळला, असे मानता येत नाही. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी स्फोटाला पुरते.

वर जायची वाट बंद झाली की हा वायू आडवा सरकतो. बीड जिल्ह्यात वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला बेसाल्ट अशी जमीन बऱ्याच ठिकाणी आढळते. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि वायू तिथूनच निसटतो. पावसाळ्यात माती फुगून भेगा बुजतात; मग तो मुरमातून आणि खडकाच्या सांध्यांतून बाजूला जातो. शेजारची विहीर, तळघर, गटाराचे चेंबर या त्याच्या साचण्याच्या जागा. अशा विहिरीत उतरणाऱ्याला भडक्याचा आणि गुदमरण्याचा, दोन्ही धोके असतात.

इंग्लंडमधील लॉस्को गावात २४ मार्च १९८६ रोजी बंद डेपोजवळचा एक बंगला अशाच वायूच्या स्फोटाने उद्ध्वस्त झाला आणि तिघे जखमी झाले. त्या रात्री हवेचा दाब काही तासांत झपाट्याने उतरला होता. बाहेरचा दाब उतरला की जमिनीतला वायू बाहेर ओढला जातो.

देखरेखीसाठी डेपो आणि वस्ती यांच्यामध्ये, हद्दीलगत, बोअर घेतात. त्यात छिद्रे पाडलेला पीव्हीसी पाइप सोडून भोवती खडी भरतात, वरचा भाग बेंटोनाइट मातीने बंद करतात आणि तोंडाला झडप बसवतात. मोजणी करणारा आधी झडपेवर नळी जोडून दाब टिपतो, मगच मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनचे प्रमाण पाहतो. ऑक्सिजन जवळपास बाहेरच्या हवेइतका भरला, तर पाइपात हवा शिरत असल्याची शंका घ्यावी लागते. त्या वेळचा कमी मिथेन दिलासा देणारा नसतो. बोअरमधील पाण्याची पातळी आणि हवेचा दाबही नोंदवतात. वायुदाब उतरत असताना आणि संततधार पावसानंतर घेतलेली मोजणी सर्वांत उपयोगी ठरते.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी डेपोच्या जागी मिथेनची मर्यादा स्फोटाच्या किमान पातळीच्या २५ टक्के, म्हणजे हवेत सव्वा टक्का ठेवली आणि डेपो बंद झाल्यावर किमान १५ वर्षे देखभाल सांगितली. मर्यादा ओलांडली गेली तर हद्दीवर खडीचा चर खणून वायूला वर वाट देतात किंवा विहिरी घेऊन तो ओढून जाळतात. मुंबईतील गोराई येथे १९७२ पासून चाललेला डेपो २००७ नंतर शास्त्रीय पद्धतीने बंद करताना अशाच विहिरी घेण्यात आल्या.

बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव अशा नगरपालिकांनी जुन्या डेपोलगत बांधकामाला परवानगी देण्यापूर्वी निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा मोजणी करावी. नागरिकांनीही त्या नोंदी मागाव्यात आणि जवळच्या विहिरीत वायू तपासल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नये.